पुलाचा आवाज

"गाडी पुलावर गेलीच नाय," आबा म्हणाले.

टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या. सगुणाच्या हातात पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र होतं, त्याची लाल फीत तिच्या बोटाला गुंडाळली गेली होती आणि समोर आठ फूट बाय चार फुटांच्या फळीवर तिची गाडी पाच डबे ओढत सावकाश फिरत होती. तिला वाटलं, आबांना पाणी हवंय. ती वाकली. आबा टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, डावा तळहात फळीच्या कडेवर टेकवलेला, मान जराशी कलती. "काय म्हणालात?" "गाडी गो. कधीची फिरत्ये, पन पुलावर काय येत नाय." पुढे उभ्या असलेल्या दोघी बायका हसल्या, वाईट नव्हतं ते हसणं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, अशा अर्थाचं. "आबा, आत्ताच गेली. आल्यापासून पन्नास वेळा गेली असेल." "लोक म्हनतायत म्हनून गेली असंल," आबा म्हणाले. "मला नाय वाजली." आणि त्यांनी हात फळीवरून काढून मांडीवर ठेवला. जेवण झाल्यावर ताटावरून काढावा तसा.

एवढंच झालं. पण त्यानंतर कोण काय बोललं ते सगुणाला नीटसं ऐकू आलं नाही. प्रदर्शन भरवणारे राजेंद्र सर तिला कोणाकोणाची ओळख करून देत होते, "या सगुणाताई मोहिते, हे सगळं यांनी एकटीनं केलंय बरं का," आणि ती मान हलवत होती, हसत होती, आणि तिची नजर त्या हातावर जात होती. काचबिंदूनं आबांचे दोन्ही डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. हा देखावा ती तीन वर्षं करत होती. म्हणजे आबांनी तो कधी पाहिलाच नव्हता. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच. घरातलीच गोष्ट. पण जी गोष्ट माहीत असते ती मनात कुठेतरी आडवी पडून राहते. आज ती उठून उभी राहिली होती.

सगुणा मिरजोळ्याला दातांच्या लॅबमध्ये होती. शहरातले डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती कवळ्या करायची. अठ्ठेचाळीस वर्षांची होती ती, आणि त्यातली अठ्ठावीस लोकांच्या तोंडात गेली, असं ती गमतीनं म्हणायची. प्लास्टर कालवावं, मेणात दात बसवावेत, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत कराव्यात. दाताचा पिवळेपणा किती, माणूस पान खाणारा की तपकीर लावणारा, हे ती माप बघून सांगायची. बाजारात एखादी बाई मोकळेपणी हसली की सगुणाला आपलं काम ओळखू यायचं, आणि ती बाई मात्र डॉक्टरांचं नाव घ्यायची. त्याचं तिला फार वाटलं असं नाही. पण तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या भावानं, प्रमोदनं, त्याच्या ऑफिसातल्या कोणा साहेबानं टाकून दिलेलं वीतभर लांबीचं इंजिन आणि थोडेसे रूळ आणून दिले, "ताई, तुझ्या हाताला हे जमेल बघ," आणि तिच्या हातांना जणू तेच हवं होतं. कवळीच्या प्लास्टरचे डोंगर झाले. मेण कोरायच्या सुरीनं तिनं जांभ्याच्या कापाचे थर कोरले. संगमेश्वराकडचं त्यांचं गाव, कोंडवाडी, बोगद्यातून निघून, डोंगर चिरून केलेल्या कटिंगमधून येणारी गाडी, चार खांबांचा पूल, पुलापलीकडचं छोटं स्टेशन. बौद्धवाडीतलं विहार तर तिनं असं केलं की प्रमोद बघत राहिला. आणि टेबलावर पुठ्ठ्याची चिठ्ठी: सगुणा काशीराम मोहिते. स्वतःच्या कामाखाली स्वतःचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं. त्या नावात मधोमध आबा होते, आणि आबांना गाडी वाजली नव्हती.

प्रदर्शन संपल्यावर दोघं रिक्षानं घरी निघाली. मारुती मंदिराच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर आबांनी विचारलं, "रागावलीस?" "नाही हो." "सगळा बरा केला असशील तू. माजा काय." सगुणा बाहेर बघत राहिली. तिला वाटलं, रागच आला असता तर बरं झालं असतं. आत जे काही होतं ते रागापेक्षा गार होतं. आपण हे कोणासाठी केलं? लोक विचारायचे तेव्हा ती म्हणायची, वडिलांनी त्या लाइनीवर काम केलंय ना, म्हणून. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. ती आबांना शेजारी खुर्चीत बसवायची, लोक त्यांच्याकडे बघायचे, कोणी नमस्कार करायचं. तो बिचारा माणूस तिथे बसून काय करत होता? लोकांचे आवाज ऐकत होता. तिच्या डोंगराशेजारी आणखी एक डोंगर, एवढंच त्याचं काम होतं. हा विचार आला तशी तिनं प्रमाणपत्राची गुंडाळी रिक्षाच्या मागच्या फळीवर ठेवली, आणि उतरताना ती तिथेच राहणार होती. रिक्षावाल्यानंच हाक मारून दिली.

रविवारी सकाळी चहा पिताना तिनं विचारलं, "आबा, पूल कसा वाजतो?" आबांनी बशी खाली ठेवली. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही, जणू ते प्रश्नाचीच वाट बघत होते. "पोटात वाजतो." "म्हणजे?" "म्हंजे कानात नाय वाजत. कटिंगमदी गाडी हाय ना, तवा ती कानाशी वाजते, दोन्ही बाजूंनी, कोन तरी कानाला धरून बोलतोय अशी. पुलावर आली की आवाज खाली पडतो. खाली नदी, काय नाय धरायला. मग तो पोटात येतो. तुला सांगितला व्हता मी." "कधी?" "पयली गाडी आली तवा. तू नव्हतीस. तू डॉक्टरकडे नोकरीला लागली व्हतीस नवी."

आणि सगुणाला ते सगळं एकदम आठवलं. आठवणीच्या आधी वास आला, क्लिनिकमधल्या लवंगेच्या तेलाचा. वीस वर्षांची ती, नोकरीचा दुसरा आठवडा. वाडीतली सगळी माणसं रुळाकडेला जाणार होती आणि तिला रजा मागायचा धीर झाला नव्हता. दिवसभर ती ट्रे पुसत होती आणि मनात गाडी येत होती. संध्याकाळी एसटीनं घरी पोचली तर अंगणात सगळे एकदम बोलत होते, कोणी म्हणे इंजिनाला हार घातले होते, कोणी म्हणे ड्रायव्हरनं हात केला. आई म्हणाली, "काय सांगू बाय, अशी लांबलचक!" सगळ्यांनी तिला आपापल्याला दिसलेली गाडी सांगितली. एकट्या आबांनी तिला पडवीत बसवलं, तिचा हात जमिनीवर ठेवला आणि वाजलेली गाडी सांगितली. बोगद्यात अशी, कटिंगमध्ये अशी. चार वर्षं त्यांनी त्या कटिंगमधला जांभा फोडला होता, पुढे पुलावर घमेली वाहिली होती. सुरुंगाची शिटी झाली की झाडाआड बसायचं, जमिनीला कान लावायचा, आणि स्फोट किती खोल गेला ते ओळखायचं, असं करत त्यांचे कान तयार झालेले. डोळे होते तेव्हासुद्धा त्यांनी गाडी कानांनीच पाहिली होती. आणि ती पोर, थकलेली, हिरमुसलेली, अर्धवट ऐकत होती. तिला हार बघायचे होते. अठ्ठावीस वर्षांनी तिनं देखावा केला तोही त्या हारांचाच, राहून गेलेल्या हारांचा. आबांनी दिलेली गाडी तशीच पडवीत राहिली होती.

"चला," ती म्हणाली. तिनं आबांना हात धरून मागच्या खोलीत नेलं, फळीपाशी उभं केलं आणि त्यांचं एक बोट हातात धरून प्रत्येक गोष्टीवरून फिरवलं. इथे बोगदा. इथे कटिंग. हे खांब. आबांनी पुलावर टिचकी मारली, मग डोंगरावर, मग स्टेशनावर. फणस पिकलाय का बघायला मारतात तशा, नीट कान देऊन. "बघ. सगळा एकच हाय. तुजा पूल नि तुजा डोंगर एकच. सगळा भरीव." खरंच होतं. पूल म्हणजे फळीवर चिकटवलेले प्लास्टरचे खांब आणि वर पुन्हा प्लायवूडची पट्टी. डोळ्यांना नदी दिसत होती, पण नदी म्हणजे निळा रंग आणि वर वॉर्निश. त्याच दिवशी दुपारी सगुणानं करवत आणली आणि पहिला नंबर मिळालेली नदी कापून काढली.

करवत फिरत असताना लॅबमधली दीपाली आली होती, कवळीचं एक माप द्यायला. ती दारातच थबकली. "ताई, अहो काय करताय! बक्षीस मिळालंय त्याला!" "दिसण्याला मिळालंय," सगुणा म्हणाली आणि करवत चालू ठेवली. तिला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. पण भुसा खाली पडत होता आणि तिला हलकं हलकं वाटत होतं, पोरवयात मोठ्या माणसांनी मना केलेलं काहीतरी करताना वाटतं तसं.

पुढचे आठ महिने तिचे रविवार आणि सकाळचे दोन तास त्यात गेले. पुलाखालची फळी गेली, तिथे खाली लाकडी पेटी आली, रिकामी, एका बाजूनं उघडी. वर पातळ पट्टी हवी होती, पातळ आणि तरी ताठ. प्लायवूड वाजेना. पत्रा वाजला, पण आबा म्हणाले, "हा डबा हाय, पूल नाय." पुठ्ठ्यावर इंजिन चढलं आणि पट्टीसकट पेटीत कोसळलं. आबा आवाजावरूनच हसले, "गेली गो नदीत!" आणि सगुणाही हसत सुटली, दोघं कितीतरी वेळ हसत होती. त्या घरात दोघं मिळून असं शेवटचं कधी हसली होती ते तिला आठवेना. मग एका सकाळी लॅबमध्ये हिरडीची पावडर आणि लिक्विड कालवताना, त्या नाकात चढणाऱ्या वासात, तिचा हात थांबला. वाळलेली कवळी टेबलावर पडली की कशी वाजते ते ती अठ्ठावीस वर्षं ऐकत होती. टणक, पण आत थोडीशी पोकळ. तिनं त्याच मिश्रणाच्या पाच लांबट पट्ट्या ओतल्या, चार खांबांच्या पुलाच्या पाच गाळ्यांना एकेक, आणि घासून घासून त्या पातळ केल्या. पूल गुलाबी झाला. दीपाली म्हणाली, "ताई, पुलाला हिरड्या आल्या." आबांनी टिचकी मारली, मग पुन्हा मारली, आणि तिसऱ्यांदा मारायला गेलेला हात तसाच वर धरून म्हणाले, "आता हाय कायतरी."

पण काहीतरी म्हणजे पूल नव्हे. डब्यांची चाकं प्लास्टिकची होती, ती पिसासारखी जायची. प्रमोदनं मुंबईहून धातूची चाकं पाठवली. डबे हलके होते, तिनं प्रत्येकाच्या पोटात लोखंडी नट भरले. मग इंजिन चढावर दमायला लागलं, तेव्हा चढच कमी केला, म्हणजे अर्धा डोंगर पुन्हा केला. कटिंगच्या प्लास्टरच्या भिंती काढून तिथे जांभ्याच्या खऱ्या पातळ चकत्या लावल्या, रुळाला अगदी खेटून. बोगद्यात आतून काथ्याचे थर दिले, तर आवाज गुदमरला. निम्मे काढले, तेव्हा आबा म्हणाले, "तोंडाशी मोकळा ठेव. गाडी आत शिरते तवा आवाज पुढं धावतो, मग ती त्याच्या मागून जाते." देखावा टेम्पोत घालायला दोन तुकड्यांत होता. जोडावर चाकं खटकन वाजायची. "हे काय? हितं सांधा नव्हता," आबा म्हणाले, आणि तो जोड बिनआवाजाचा होईस्तोवर सगुणानं अकरा वेळा रूळ उचकटून बसवले. कधी ती चिडायचीही. "आबा, तुम्ही साहेब झालात!" "बिगारी व्हतो तवा साहेब माज्यावर असाच वराडायचा," आबा समाधानानं म्हणायचे. त्यांची तब्येत सुधारली होती असं नाही, पण सकाळी ते तिच्या आधी उठून मागच्या खोलीत जाऊन बसायला लागले होते. सगुणा चहा घेऊन जायची तेव्हा ते अंधुक खोलीत कडेवर हात ठेवून बसलेले असत. दिवा लावायचं तिच्या लक्षात यायचं आणि मग वाटायचं, कशाला. तीही तशीच बसायची. गाडी सोडायची. बिनदिव्याच्या खोलीत तिला हळूहळू कळायला लागलं की गाडीला जागा असतात. आवाज अरुंद होतो, रुंद होतो, खाली जातो, परत वर येतो. डोळ्यांनी केलेलं काम एकदा बघितलं की संपायचं. हे संपत नव्हतं.

पुढच्या प्रदर्शनाला राजेंद्र सरांनी तिला दारासमोरची जागा ठेवली होती. "मानाची जागा आहे, सगुणाताई. शिरल्याशिरल्या दिसणार." दिसणार खरी. डाव्या बाजूला लाउडस्पीकरचा खांब, उजवीकडे वड्यांचा स्टॉल, वर सहा पंखे. गाणी लागलेली. सगुणानं गाडी सोडली. तिला स्वतःलाच काही ऐकू येईना. लोक आले, "अरे वा, गेल्या वर्षीचंच का?" म्हणाले, फोटो काढून पुढे गेले. एकानं तर विचारलं, "पूल गुलाबी का?" तिनं तो मुद्दाम रंगवला नव्हता, रंगाच्या थरानं आवाज मरत होता. आबा खुर्चीत बसले होते, हात कडेवर. तासभर असा गेला. सगुणाला तो ओळखीचा गारठा वाटायला लागला. आयुष्यभर ती मिळेल त्या जागेवर बसली होती, मिळेल त्या उजेडात काम करत आली होती. रजा मागायची नाही, नाव मागायचं नाही. कोणी काही दिलं की पहिल्यांदा वाटायचं, आपण कोणाची तरी जागा घेतोय.

ती राजेंद्र सरांकडे गेली. "सर, दहा मिनिटं सगळं बंद पाहिजे." "सगळं म्हणजे?" "गाणी. पंखे. स्टॉलवरचा मिक्सर." सर हसले. "अहो, पाहुणे यायचेत पंधरा मिनिटांत. उकाडा बघताय ना?" "म्हणूनच आत्ता." "सगुणाताई, पुढच्या वर्षी आपण वेगळी व्यवस्था..." "आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. "पुढच्या वर्षीचं मला सांगू नका. माझं काम बघायचं नाहीये, ऐकायचंय. ते ऐकू येणार नसेल तर मी आत्ता टेम्पो बोलावते." सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी माइक तिच्या हातात दिला. माइक जड होता, कोमट होता. "मी सगुणा काशीराम मोहिते," ती बोलली आणि आपलं नाव तिला सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून परत ऐकू आलं. "दहा मिनिटं कोणी बोलू नका. माझ्या वडिलांना दिसत नाही. गाडी कुठे आहे ते ते सांगतील."

गाणं थांबलं. पंखे एकेक करून थांबले, शेवटचा बराच वेळ फिरत राहिला. वड्यांची कढईसुद्धा खाली उतरवली कोणीतरी. माणसं टेबलाभोवती गोळा झाली, मागची टाचा उंचावून उभी राहिली. सगुणानं बटण फिरवलं.

"बोगद्यात हाय," आबा म्हणाले. त्यांना काही सांगितलं नव्हतं कोणी, ते सुरूही झाले होते. "तोंडाशी आली. भायर." गाडी बाहेर पडली होती. "आता कटिंग." जांभ्याच्या चकत्यांमधून चाकांचा खर्रर्र आवाज अरुंद होत गेला आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं नकळत आपल्या कानामागे हात धरला. "कटिंग... कटिंग... वळन हाय... संपला कटिंग." आणि मग आबा थांबले. गाडी पुलावर आली होती. सगुणाला ती दिसत होती, इंजिन पहिल्या गाळ्यावर, आवाज खाली पडलेला, घुमणारा. तिला तो स्वतःच्या बरगड्यांखाली जाणवत होता. पण आबा गप्पच. मान खाली, डोळे मिटलेले. कोणीतरी खोकलं. नाही वाजला. आठ महिने, आणि नाही वाजला.

"एक," आबा म्हणाले.

तिला कळलं नाही.

"दोन," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "तीन. हा, हा तिसरा." ते खुर्चीत पुढे सरकले. "ह्या खांबाच्या टायमाला आमी व्हतो. मी नि गंगाराम. तो खालनं घमेला द्यायचा, मी वर. दिसभर. पार खाली नदी दिसायची." सगुणा पुलाशी वाकली. खांबांचा आवाज तिनं केलाच नव्हता. तिला तो ऐकूही आला नव्हता. पण आता ती ऐकत होती, आणि होता. जिथे गुलाबी पट्ट्या खांबावर टेकल्या होत्या तिथे चाकं आली की घुमणं क्षणभर मिटत होतं आणि पुन्हा उघडत होतं. तिच्या हातांनी तिला न विचारता खांब मोजले होते. "चार," आबा म्हणाले. आणि टेबलाभोवतीची माणसं, शंभरेक असतील, त्यांच्यातल्या कित्येकांनी डोळे मिटले होते. राजेंद्र सरांनीही. चौथ्या खांबाला कोणीतरी आबांच्या बरोबरीनं हळूच "चार" म्हणालं, मागून आणखी दोघंतिघं, आणि मग आवाज मिटला, आपलाच ऐकून लाजल्यासारखा.

दाराशी गडबड झाली. पाहुणे आले असावेत. कोणी तिकडे वळलं नाही. सगुणाला रडू येतंय असं वाटलं, पण ते रडू नव्हतं. छातीत काहीतरी मोठं होत होतं आणि त्याला जागा पुरत होती. तिनं कोणाकडे बघितलं नाही. कोण काय म्हणेल, कितवा नंबर येईल, यातलं काहीही त्या क्षणी तिथे नव्हतं. गाडी होती, तिचा बाप होता आणि ती होती. चाकांखालचा आवाज पुन्हा भरीव झाला. स्टेशनात शिरताना रूळ बदलायच्या सांध्यावर दोनदा खटकन वाजलं.

आबांनी फळीवरचा हात उचलला आणि हवेत धरला, बावटा दाखवावा तसा.

"थांबव गो आता," ते म्हणाले. "मानसांना उतरू दे."